तो हायकिंगला गेला नव्हता

श्रीरंगच्या बायकोचा, मेधाचा फोन आला तेव्हा मी कार वॉशमध्ये होतो. गाडी आपोआप पुढे सरकत होती, काचांवर साबणाचे ब्रश आपटत होते, आणि त्या गोंधळात ती म्हणाली, "सुहास, श्रीरंग झाडावरून पडला." मी विचारलं, "कुठल्या झाडावरून?" अशा वेळी माणूस काय बोलेल सांगता येत नाही. ती म्हणाली, "गेला रे." गाडीतून उतरता येत नव्हतं, गाडी मागेही घेता येत नव्हती. बाहेर पडायचा हिरवा दिवा लागेपर्यंत मी फेसाकडे बघत बसून राहिलो. याला आता दीड महिना झाला. माझा राग अजून उतरलेला नाही आणि हे मी रागातच लिहितो आहे.

श्रीरंग वर्ध्याचा, मी पुण्याचा. स्टेट कॉलेज नावाच्या या अमेरिकन गावात विद्यार्थी म्हणून आलो तेव्हा एकाच अपार्टमेंटमध्ये राहिलो. बरोबरचे सगळे टेक्सास नाहीतर सिॲटलकडे पांगले, आम्ही दोघं मात्र विद्यापीठाच्या नोकरीत इथेच रुतलो. धनुष्याचा नाद त्याला चाळिशीनंतर लागला, शेजारच्या एका म्हाताऱ्या शिकाऱ्यामुळे. पहिल्याच हंगामात त्याचा बाण एका हरणाला लागला, पण नीट लागला नाही. रक्ताचे ठिपके शोधत ते दोघं दिवसभर जंगलात फिरले, आणि एका ओढ्यापाशी ठिपके संपले. हरीण मिळालंच नाही. त्यानंतर आठवडाभर श्रीरंग धड जेवत नव्हता. मला वाटलं, सुटला नाद. तसं मी म्हणालोही. तो म्हणाला, "नाद नाही सुटला. आळस सुटला."

तेव्हापासून त्याचं गॅरेज म्हणजे प्रयोगशाळा झाली. सरावाच्या बाणाला साधं गुळगुळीत टोक असतं, शिकारीच्या बाणाला धारदार पात्यांचं ब्रॉडहेड. साधं टोक सरळ जातं म्हणून पात्यांचं टोकही तिथेच जाईल असं नाही, हे तो मला किती वेळा समजावून सांगायचा! ती पाती वारा पकडतात. धनुष्यात केसाएवढा दोष असला तरी बाण भलतीकडे जातो. लाकडी चौकटीत कागद ताणून तो मला धरायला लावायचा आणि जवळून त्यातून बाण मारायचा. भोक गोल पडलं तर धनुष्य जुळलेलं. कागद एका बाजूला फाटला तर बाण शेपूट हलवत जातोय. मग बाण टेकतो तो आधार किंचित सरकवायचा आणि पुन्हा कागद. मी कंटाळायचो. "अरे, त्या उघडमिटीच्या पात्यांचं टोक घे ना, लागल्यावरच उघडतात ती. दुकानातला माणूस म्हणाला, ते कसंही सरळ जातं." त्यावर श्रीरंग उखडायचा. "म्हणूनच नको. ते माझी चूक झाकतं. झाकलेली चूक हरणाच्या पोटात कळणार का मला?" मग खास वैदर्भी सुरात, "पुणेकरा, धर गुमान कागद." एकाच पाकिटातली टोकंसुद्धा तो बाणावर चढवून गरागरा फिरवून बघायचा. जरा डगमगलं की ते टोक बाद. दुकानदार त्याला बघून कपाळाला हात लावायचा.

एवढा काटेकोर माणूस... आणि मचाणावर चढताना स्वतःला बांधायचा पट्टा त्याने लावला नाही. इथे शिकारी झाडाच्या खोडाला छोटंसं लोखंडी मचाण बांधतात, त्यावर बसतात, आणि पडू नये म्हणून अंगात हार्नेस घालतात. त्याचा हार्नेस डिकीत सापडला, घडी घातलेला. मला माहीत होतं तो घालत नाही. बकल वाजतं, हरणं बुजतात, असं म्हणायचा. मी म्हटलं होतं, "पडशील लेका." तो हसला. मीही हसलो. एका हरणाला वेदना होऊ नयेत म्हणून आठवडाभर कागद फाडणाऱ्या माणसाला मेधासाठी, पोरीसाठी एक बकल लावता आलं नाही? रंग्या, तू समोर असतास तर कानफटात मारली असती.

पण त्याच्यापेक्षा जास्त राग मला माझा येतो. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर कळवायचं होतं. मेधा म्हणाली, "तुला सुचेल ते लिही." मी लिहिलं, 'हायकिंग करताना पडून दुःखद निधन'. स्वतःला सांगितलं, वर्ध्याला त्याची आई आहे, शाकाहारी घर आहे, त्यांना कशाला त्रास. खरं म्हणजे मला लोकांची भीती वाटली. प्रार्थनासभेत तो शब्द वाढतच गेला. एक जण निसर्गप्रेमी म्हणाला, दुसऱ्याने त्याला सह्याद्रीचे सगळे गड चढवले. मग ईरा, त्याची मुलगी, उठली. कॉलेजात आहे, मराठी बेताचं बोलते. म्हणाली, "बाबाला हायकिंग आवडायचं नाही. ही हेटेड इट. तो म्हणायचा, जिथे बसायचं नाही तिथे चालत जायचं कशाला?" कोणी हसलं नाही. मागून एक काकू म्हणाल्या, "पोर शॉकमध्ये आहे गं." मी त्याच रांगेत बसलो होतो. उठलो नाही.

खरं कुणाला माहीत नव्हतं? दरवर्षी दिवाळीनंतरच्या पॉटलकला, घरटी एक पदार्थ आणायच्या जेवणाला, त्याचा खिमा सगळ्यात आधी संपायचा. "श्रीरंग, बकरा कुठून आणतोस रे?" "डोंगरातून," तो म्हणायचा, आणि सगळे दुसऱ्यांदा वाढून घ्यायचे. तेच लोक सभेनंतर ताटात चिकन घेऊन कुजबुजत होते, "मुक्या प्राण्यांचे शाप लागतात हो." आणि मी ज्यांच्या नावाने खोटं लिहिलं, त्या आईंनी मेधाला फोनवर विचारलं, "त्याचं धनुष्य नीट ठेवलंस ना गं? फार जपायचा." तो आईला सगळं सांगत होता. खोटं फक्त माझ्या सोयीचं होतं.

परवा गेलो तेव्हा ईरा गॅरेजमध्ये ते धनुष्य घेऊन उभी होती. म्हणाली, "मला ओढता येत नाही. दुकानात नेऊन माझ्या मापाचं करून घेणार आहे." मी ओरडलो, "अजिबात हात लावायचा नाही!" तिने शांतपणे विचारलं, "सुहासकाका, हे पण तुम्हीच डिसाइड करणार?" मेधा दारात उभी होती. ईराने धनुष्य माझ्या हातात दिलं. "एकदा ओढून बघा. मग नेऊ."

मी ओढलं. तो माझ्यापेक्षा वीतभर उंच, हात लांब. दोरी माझ्या कानाच्याही मागे गेली. नेम धरायला दोरीत बारीक भोकाचं एक कडं बसवलेलं असतं, ते त्याच्या डोळ्यासमोर यायचं. माझ्या डोळ्यासमोर ते येईना. मान वाकडी केली, हनुवटी वर केली, तरी त्यातून मला भिंतीचा तुकडा दिसला फक्त. बाण नसताना दोरी सोडायची नाही, एवढं तो शिकवून गेला होता. मी ती सावकाश परत नेली.

शनिवारी ईरा आणि मी दुकानात गेलो, श्रीरंगच्या नेहमीच्या नव्हे, दुसऱ्याच. दुकानदाराने धनुष्य शिकंज्यात अडकवलं, त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, फार बारकाईने जुळवलंय, कोणाचं होतं हे? ईरा माझ्याकडे बघत राहिली.

"माझ्या मित्राचं," मी म्हणालो. "शिकारी होता. मचाणावरून पडला. पट्टा लावला नव्हता गाढवाने."

दुकानदाराने नुसती मान हलवली, आणि श्रीरंगच्या हाताच्या मापाची ती दोरी सैल केली.