नुसता फ्लॅश

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. ती शेवटची आजारी होती, मी उशाशी बसून असायचो, तेव्हाही नाही. आणि आता लिहून काढून तुम्हाला वाचून दाखवायला बसलोय तर मनात पहिला विचार काय येतो? हा माणूस ऐकून घेईल आणि उद्या बाजारात चार जणांत बोलेल. स्वभावाला औषध नाही म्हणतात ते खोटं नाही. मी संशयी माणूस, पहिल्यापासूनच. कुणी जरा जास्त गोड चौकशी केली की याला काय हवंय, असं आधी मनात येतं. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं.

रोह्याला माझा फोटो स्टुडिओ आहे. हल्ली तिथे झेरॉक्स जास्त आणि फोटो कमी. पण तेव्हा रोलचा जमाना होता. एका रोलमध्ये बारा फोटो, संपले की संपले. लग्नघरचा माणूस मोजकेच रोल सांगणार आणि मांडवात बघाल तर प्रत्येक मामा, आत्या, शेजारीण येऊन म्हणणार, आमचा पण एक काढा. नाही म्हटलं तर रुसवा. काढला तर अल्बम बघताना यजमान विचारणार, हा कुणी सांगितला होता? मग करायचं काय? फ्लॅशच्या पाठीमागे एक बटण असतं, तो चालतो की नाही ते बघायला. ते दाबलं की उजेड पडतो — आणि कॅमेऱ्यात काहीच होत नाही. समोरच्याचे डोळे दिपतात, तो खूश होऊन पंगतीला जाऊन बसतो. पुढे कुणी विचारलंच तर 'खराब आला' म्हणायचं. याला आम्ही 'नुसता फ्लॅश' म्हणायचो. सगळेच मारायचे — असं लिहिणार होतो. पण सगळ्यांचं काय ते सगळे बघतील. मी मारायचो.

मोरेश्वर नावाचा एक मुलगा धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला होता आणि माझ्या आळीत खोली घेऊन राहायचा. घर त्याचं पेणकडे, खाडीच्या काठाला. वडील नव्हते. आई हिराबाईंनी मिठागरावर काम करून मुलांना वाढवलं. थोरला भाऊ, त्याची बायको सुलोचना, आणि सगळ्यांत धाकटी बहीण यमुना. मोरेश्वरचं लग्न ठरलं तेव्हा त्याने फोटोंचं काम ओळखीमुळे मला दिलं. ओळखीची माणसंच जास्त बुडवतात, हे मी एसटीत बसल्या बसल्या घोकत गेलो होतो.

लग्न लागलं. शेवटच्या रोलात थोडेच फोटो उरले होते आणि वरात, पाठवणी व्हायची होती. तेवढ्यात हिराबाई आल्या. मोरेश्वरला न विचारता, जरा इकडेतिकडे बघत. मला तेच खटकलं. लपूनछपून का येते ही बाई? नंतर 'आम्ही नाय सांगितला' म्हणायला मोकळी? यमुनाचा हात त्यांनी धरून ठेवला होता. पोरगी सकाळपासून पंगतीत पाणी वाढत होती, परकर गुडघ्यापर्यंत भिजलेला. आईने स्वतःच्या पदराने तिचं तोंड पुसलं, केस सारखे केले.

"हिचा येक काढ रे भाऊ. हिचा अजून फोटू नाय कनचा. हस गो जरा."

माझा कॅमेरा पोटाशी धरून वरून काचेत बघायचा, तसला होता. मी मान खाली घालून बघितलं. यमुना हसली नाही, पण सरळ माझ्याकडे बघत राहिली, श्वास धरून, हलले तर फोटो बिघडेल म्हणून. वय पंधरा-सोळा. उजव्या भुवईत एक जुना व्रण. मला सगळं काचेत स्पष्ट दिसत होतं, आणि तरी माझं बोट गेलं ते पाठच्या बटणावर. उजेड पडला. हिराबाईंनी डोळे मिटले आणि उघडून हसल्या. मी म्हटलं, झाला, छान आला.

इतकंच असतं तर मी ते विसरूनही गेलो असतो. असे फ्लॅश मी किती मारले त्याला गणती नाही.

अल्बम मी महिन्याभराने दिला. काळ्या कागदाचा, डिंकाने फोटो चिकटवायचे तसला. चिकटवताना एका पानावर एकच फोटो दोनदा लागला, म्हणून मी त्यातला एक ओढून काढला. कागदाला डिंकाचे डाग राहिले, कोपरा थोडा सोलला. नवीन पान घालायचा आळस केला. कोण बघतंय, म्हटलं.

श्रावणात यमुना काविळीने गेली. आधी झाडपाला केला, मग पेणला नेलं, तोवर उशीर झाला होता. बाराव्यानंतर घरात फोटोची आठवण निघाली. हिराबाईंनी अल्बम मागवला. तो सुलोचनाच्या पेटीत असायचा, थोरली सून म्हणून घरातल्या जपायच्या वस्तू तिच्याकडे. पानं उलटली — यमुनाचा फोटो नाही. आणि एका पानावर रिकामी जागा, डिंकाचे डाग, कोपरा सोललेला. आता मला सांगा, तुम्ही तिथे असता तर काय समजला असता? त्यातून यमुना आजारी पडायच्या आठवडाभर आधी तिचं आणि सुलोचनाचं एका साडीवरून कडाक्याचं भांडण झालं होतं. 'तुझं तोंड बघायचं नाय मला' असं सुलोचना बोलली होती, आणि ते शेजारच्या तीन घरांनी ऐकलं होतं.

हे सगळं मला मोरेश्वरने नंतर सांगितलं. त्या दिवशी मला फक्त यमुना गेल्याचं माहीत होतं. दुपारच्या गाडीने तिघं रोह्याला आली. मोरेश्वर, हिराबाई आणि पायरीपाशी उभी सुलोचना. तिला समोरासमोर करायला आणली होती. तिला बघून मला वाटलं होतं की ही रडून आली असणार. तसं नव्हतं. ती माझ्याकडे मोठ्या आशेने बघत होती. फोटोवाला खरं काय ते सांगेल आणि मी सुटेन, असा तिचा चेहरा होता.

हिराबाईंनी विचारलं, "भाऊ, तू माज्या यमीचा फोटू काढलावता ना? उजेड पडला तो मी डोल्यांनी बघितला. मग अल्बमात का नाय?"

'खराब आला' — दोन शब्द होते. नेहमीचे. शंभर वेळा बोललेले. तेवढे जरी बोललो असतो, खोटे का होईना, तरी सुलोचना सुटली असती. पण मोरेश्वर कंपनीतला, त्याला मशीनचं कळायचं, मला वाटलं हा निगेटिव्ह बघायला मागेल. मागेल आणि त्यात यमुना नसेलच. मग आळीत, बाजारात, प्रत्येक लग्नघरात — हा फोटोवाला नुसता उजेड पाडतो. मला वाटलं, मला अडकवायलाच तिघं आली आहेत. ज्या बाईची मुलगी नुकतीच गेली होती, तिच्यावर मी संशय घेत होतो.

मी म्हणालो, "काढला होता. चांगला आला होता. मी माझ्या हाताने चिकटवून दिलाय."

मोरेश्वरने विचारलं, निगेटिव्हवरून दुसरा काढता येईल का? मी म्हणालो, निगेटिव्ह पण पाकिटात घालून अल्बमबरोबरच दिल्या होत्या. त्या माझ्या मागच्या खणात होत्या. तो खण माझ्या पाठीला लागत होता.

 हिराबाईंनी मागे वळून सुनेकडे बघितलं. सुलोचनाच्या चेहऱ्यावरची आशा कशी गेली ते मी बघितलं आहे. ती एवढंच म्हणाली, "मी नाय काढला, आई. देवाशपथ नाय." ती खरं बोलतेय हे त्या खोलीत एकाच माणसाला माहीत होतं, आणि तो मी होतो.

तुम्ही म्हणाल, झालं, हीच ती चूक. नाही. अजून आहे.

ती माणसं गेल्यावर मी दार लावलं आणि निगेटिव्ह काढल्या. ठेवणं धोक्याचं होतं, जाळून टाकायच्या होत्या. तरी सवयीने एकेक पट्टी उजेडाला धरून बघत गेलो. पंगतीचा एक फोटो होता. वाढप्यांच्या मागे, एका माणसाच्या खांद्याआडून, यमुना. हातात तांब्या. अर्धा चेहरा. एक डोळा, गाल, कान, आणि तो भुवईतला व्रण. अल्बममधला फोटो लहान, त्यात ती कुणाला ओळखू आली नव्हती. पण निगेटिव्ह मोठी होती, स्वच्छ होती. मोठा करून दिला असता तर भिंतीवर लावण्याजोगा अर्धा चेहरा त्या आईला मिळाला असता.

दिला असता तर निगेटिव्ह माझ्याकडेच आहेत हे उघड झालं असतं.

मी मागच्या अंगणात गेलो आणि सगळ्या जाळल्या. ती पट्टीसुद्धा. ओळखल्यानंतर जाळली, न बघता नाही. फिल्म जळते तेव्हा वास फार वाईट येतो. शेजारणीने कुंपणावरून विचारलं, काय जाळताय? मी म्हटलं, कचरा.

सुलोचनाला नवऱ्याने माहेरी, कोलाडकडे, नेऊन सोडलं. वर्ष उलटल्यावर तिच्या भावांनी मध्यस्थी केली आणि ती परत आली, पण पेटीची किल्ली पुन्हा तिच्याकडे आली नाही. मोरेश्वर सांगायचा, गावात कुणाच्याही लग्नाचा अल्बम निघाला की बायका आपसात म्हणायच्या, सुलीच्या हातात देऊ नका गो. हसत म्हणायच्या, पण अल्बम तिला वगळून पुढे जायचा. मोरेश्वर चहाला यायचा तेव्हा मला वाटायचं, हा मला चाचपायला येतो. पुढे त्याची बदली झाली तेव्हा मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं.

हिराबाई म्हाताऱ्या होऊन गेल्या. शेवटपर्यंत त्यांनी सुनेच्या हातचं पाणी घेतलं, पण तिला माफ केलं नाही, असं ऐकलं.

आणि गेल्या वर्षी सुलोचना माझ्या स्टुडिओत आली. मुलगा डोलवीच्या कंपनीत कंत्राटावर, त्याच्याकडे असते. लेक रोह्याला दिलेली, तिच्याकडे चार दिवस आली होती आणि बँकेसाठी फोटो हवे होते. केस पांढरे, डोळ्याला जाड चष्मा. मी लगेच ओळखलं. तिनेही ओळखलं. माझ्या मनात काय आलं असेल? इतक्या वर्षांनी जाब विचारायला आली. बँकेचं निमित्त आहे.

ती स्टुलावर बसली. मी दिवे लावले. चष्मा काढा म्हटलं, तिने काढून मांडीवर ठेवला. मग ती सावकाश बोलली, माझ्याकडे न बघता.

"भाऊ, येक इचारू? राग मानू नका. लग्नाच्या दिवशी उजेड पडलावता, तो मी पन बघितला. तुमी फोटू लावून दिला म्हनलात. मग तो गेला कुठं? आता मला वाटतं, मीच काढला असंल. तेवा रागात होते ना मी. काढला असंल नि इसरले असंन. तसं व्हतं का हो मानसाला?"

ती खरंच विचारत होती. तिला उत्तर हवं होतं. घरच्यांनी, गावाने तिच्यावर संशय घेतला ते मला माहीत होतं. तिने स्वतःवरच घेतलाय, हे मला तिथे, त्या दिव्यांच्या उजेडात कळलं.

मी म्हणालो, "हनुवटी जरा वर घ्या."

फोटो काढला. खराखुरा. छापून पाकिटात घालून दिला. तिने चष्मा लावून बघितला, बरा आलाय म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली. दारात पुढचं गिऱ्हाईक उभं होतं, मी त्याला आत बोलावलं.

फोटो नव्हताच, सुलोचनावहिनी. तुम्ही काही काढलं नाही, काही विसरला नाहीत. — हे मी तुम्हाला वाचून दाखवतोय, तिला नाही. ती आहे अजून, डोलवीला, मुलाच्या घरी. रोह्याहून तिकडे दिवसभर गाड्या असतात. मी गेलेलो नाही.