पिन काढलेली पाने

पक्षाघातानंतर माझ्या थोरल्या बहिणीचे चालणे सुधारले. बोलणे मात्र अडखळतच राहिले. उपचार करणाऱ्या बाईंनी तिला रोज मोठ्याने वाचायला सांगितले होते. ताईने एकदाच वाचून पाहिले, स्वतःचा आवाज ऐकला आणि तोंड मिटून घेतले. तरुणपणी रेडिओवरच्या नाटकांत कामे केलेल्या तिला आपलेच जड, घसरते उच्चार सोसवेनात. सराव लांबणीवर पडला तर आहे तेही बोलणे आखडेल, असे बाईंनी मला बजावले होते.

मी जन्मभर शाळेत शिकवले. उपायही त्याच पद्धतीने केला. मोठ्या अक्षरांत उतारे छापून आणले, सोप्याकडून कठिणाकडे लावले आणि डाव्या कोपऱ्यात पक्की पिन मारली. आमच्या मुलुंडच्या घरात ती पाने टीपॉयवर तशीच पडून राहिली.

एका रविवारी दुपारी मी खोक्यातून जुनी डीव्हीडी काढली. विनोदी चित्रपट होता: रेडिओच्या भरभराटीचा काळ, थेट प्रसारित होणारे नाटक आणि सगळ्यांची उडालेली तारांबळ. तबकडीवर ओरखडे होते. चित्र थिजले की मी ती पुसून पुन्हा घालत असे. घोड्याच्या टापांसाठी करवंट्या वाजवणाऱ्याच्या हातून भर पाठलागात करवंटी निसटली आणि तो स्वतःच्या मांडीवर थापा मारू लागला, तेव्हा ताई खुदकन हसली. मग खलनायक माइकपाशी कुजबुजला, "कुणाला चाहूल लागता कामा नये," आणि त्याने संहितेचे पान फर्रकन उलटले.

"का... कागद!" ताई ओरडली. "वाजतोय!"

"वाजला तर काय झालं?"

"पान उलटायचं नाही. सो... सोडायचं." तिने वर्तमानपत्राचा एक कागद उचलला, अंगापासून दूर धरला आणि अलगद सतरंजीवर सोडला. जराही आवाज झाला नाही. "पिन आधीच काढायची." मग तिची नजर टीपॉयवर गेली. "आणि ही आमची मास्तरीणबाई! खि... खिळा ठोकलाय."

"अगं, मग सांगायचंस ना!"

"कसं सांगू? बो... बोलता येत होतं?"

दोघीही हसलो. मी चित्रपट थांबवला आणि पिन काढून पाने तिच्या हाती दिली.

ताई ताठ बसली. पहिला उतारा भाजीबाजाराचा होता. 'मेथी' या शब्दावर ती अडली, थांबली आणि पुन्हा सुरुवातीपासून निघाली. उच्चार जडच होते. पण बाजारात ताजी मेथी आल्याची बातमी तिने अशी दिली, की जणू राजपुत्रच परतला असावा. पान संपले. ते निःशब्द खाली उतरले. तिने दुसरे सुरू केले.

पडलेले पान उचलायला मी सवयीने वाकले. ते किंचित चुरचुरले.

"शू!" ताईने डोळे वटारले. "रे... रेकॉर्डिंग चालू आहे."

मी वाकलेलीच राहिले. ती पुढे वाचू लागली.