उज्जैनचा पाहुणा पंच

इटारसी, भोपाळ करत उज्जैनला उतरलो तेव्हा अंगभर कोळशाची कचकच. छप्पन साली होऊ घातलेल्या नव्या मध्य प्रदेशाचा बास्केटबॉल संघ निवडायचा होता. आमचं नागपूर त्या राज्यातून बाहेर पडणार, म्हणून पंच नागपूरचा. कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस हवा होता त्यांना.

मुक्काम फ्रीगंजात, दिघे मास्तरांकडे. दरबारी कारकुनी करायला आलेलं जुनं मराठी घराणं. वहिनींनी बाफले (कणकेचे उकडून भाजलेले, तुपात बुडवलेले गोळे) वाढले. "और एक घ्या भाऊजी, संकोच नका करू." मीही लाज सोडून हाणले. ताटावरच कळलं, त्यांचा शरद उद्या खेळणार आहे. पुढचा घास काही गोड लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सामना. शरदचं कसब आड उभं राहण्याचं. सोबत्याचा पाठलाग करणाऱ्याच्या वाटेत आधीच जाऊन उभं राहायचं, याला स्क्रीन म्हणतात. पाय रोवून निश्चल उभं असलं तर चालतं, धडकेच्या वेळी सरकलं की फाउल. शेवटी शेवटी समोरचा गडी त्याच्यावर धाडकन आदळला. शरद खांबासारखा उभा होता. मी दोन हातांवरून पाहिलं. तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "जिसके घर खाया, उस पर सीटी क्या बजाएगा!"

मी शिट्टी फुंकली. शरदचा पाचवा फाउल, म्हणजे तो बाद. त्याची निवडही तिथेच गेली.

संध्याकाळी त्याच घरी माझं पान मांडलेलं. मास्तर म्हणाले, "आमच्याकडे राहून आमच्याच मुलाला काढलंत. मानलं तुम्हाला, पंचसाहेब." वहिनींनी वरून तूप वाढलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शरद स्टेशनवर पोचवायला आला. माझी वळकटी त्याने डब्यात चढवली. मग म्हणाला, "काका, माझा पाय हलला होता का?"

"हो. जरासा."

"मला समजलंच नाही. आता ध्यान ठेवीन."

गाडी सुटली तेव्हा तो फलाटावर पाय रोवून उभा होता, मान खाली घालून आपल्याच पायांकडे बघत.

वहिनींनी दिलेली, उज्जैनजवळच्या भैरवगडची छापील चादर बायकोने घरी कौतुकाने पलंगावर घातली. मी अजून खालीच झोपतो. शरदचा पाय हलला नव्हता. पण हे त्याला फलाटावर सांगायचं होतं, इथे तुम्हाला सांगून काय उपयोग.