कापसाच्या बंडीवरून पाहिलेली मॅच

नातवंडांना पटत नाही, पण त्या काळी अकोल्यात फुटबॉल पाहायला अशी गर्दी व्हायची की पाय ठेवायला जागा नसे. आणि मैदान म्हणजे काय, तर चुन्याची एक रेघ. भिंत नाही, दोरी नाही. मागचे पुढच्यांना रेटायचे, पुढचे रेघेवर यायचे, आणि हाफटाइमनंतर ती रेघ लोकांच्या पायाखाली कुठे गेली ते पंचालाही सांगता यायचं नाही. म्हणून सामने भरवणाऱ्यांनी एक अक्कल लढवली होती. कापसाच्या हंगामात बाजारात बंड्याच बंड्या, म्हणजे बैलगाड्या, असायच्या. माल उतरवून मोकळ्या झालेल्या बंड्या ते मैदानाभोवती चाकाला चाक लावून उभ्या करायला लावत. मैदानाला कुंपण झालं, शहरातल्या लोकांना चढून बसायला जागा झाली, आणि बंडीवाल्याला मॅच फुकट.

मोकळ्या बंड्या, हे ध्यानात ठेवा. मी भरलेली नेली.

तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. अमरावतीला राहून चार वर्षं शिकलो आणि मॅट्रिकला आपटलो, आणि खोटं कशाला बोलू, फुटबॉलपायीच आपटलो. तिथल्या संघाचा एक सामना मी सोडला नव्हता. मग बाबांनी तेल्हाऱ्याकडच्या आमच्या गावी परत आणून वावरात जुंपलं. दोन वर्षं मी चेंडू डोळ्यांनी पाहिला नव्हता.

बंडीतला कापूस आमचा नव्हता, आत्याचा होता. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, गावातच दिलेली. नवरा वारला, पोरबाळ नाही. नवऱ्याच्या वाट्याचं चार एकर काळं वावर ती एकटी वाहायची. बाबांना ते पाहवत नसे. ते म्हणत, वावर आमच्यात घाल आणि आमच्या घरी सुखानं दोन भाकरी खा. आत्या म्हणायची, "तुह्या घरी दोन खाईन, पन मागून खा लागन. माह्या घरी एक खाईन, पन माह्या हातानं घेऊन खाईन." भांडून भांडून शेवटी भावाबहिणीचं ठरलं, की या साली तिनं आपला कापूस नीट बाजारी नेऊन विकून दाखवला तर तिची चूल वेगळी राहील. नाही तर वावर भावाच्या हवाली. बंडी, बैल आणि मी, एवढं बाबांनी दिलं. आत्या स्वतः कापसावर चढून बसली. "मापात मारतात मेले," म्हणाली. "मी उभी राहीन काट्याजवळ."

दोन दिवसांनी अकोल्याला पोचलो तर काटा बंद. जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, माल मावत नाही, सकाळी या. मी बैलांना पाणी दाखवत होतो, तेवढ्यात एक माणूस दवंडी पिटत आला. आज ढालीची, म्हणजे शील्डची, शेवटची मॅच, अकोला आणि अमरावती.

आत्याला मी सांगितलं, की इथे बाजारात पोरं कापूस ओढून नेतात, पलीकडे मोकळ्या जागी बंडी लावू. तिनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "चाल."

मैदानावर बंड्या लावून घेणारा माणूस ओरडला, "भरेल काहून आनली बे?" मी म्हटलं, कोपऱ्यात लावतो भाऊ, कोणाच्या आड येत नाही. बैल सोडले, बंडीला टेकू दिला आणि वर चढलो. वरून सगळं मैदान असं दिसत होतं की मी आत्याला विसरलोच. पण ते मला दिसत होतं तसं ती बंडीही लोकांना दिसत होती. बघता बघता दहाबारा जण वर चढले. कोणाला उतर म्हणणार? मैदान अकोल्याचं, माणसं अकोल्याची. आत्या मागच्या कोपऱ्यात पदर घट्ट ओढून बसली होती. त्या सगळ्या गर्दीत बाईमाणूस ती एकटी.

तेव्हा मला भान आलं, की मी काय करून बसलोय. आदल्याच साली शेजारच्या गावची कापसाची बंडी वाटेत पेटली होती. कापसाचं असं असतं, ठिणगी पडली तर वर काही दिसत नाही. आतल्या आत धुमसतो, तासभर थांग लागू देत नाही, आणि मग एकदम उठतो. त्या बंडीच्या राखेत चाकांच्या लोखंडी धावा तेवढ्या उरल्या होत्या. मी स्वतः पाहिल्या होत्या. आणि इथे बारा माणसं, प्रत्येकाच्या खिशात विडीचं बंडल.

मी हात जोडले. म्हटलं, भाऊ हो, खाली कापूस आहे, विडी पेटवू नका. ते चांगले होते, हो म्हणाले. पण मॅच रंगली की हात आपोआप खिशात जातो. माझा अर्धा खेळ लोकांचे हात पाहण्यात गेला. चेंडू गोलापाशी गेला की सगळे मैदानाकडे बघायचे आणि मी बोटांकडे. कोणी खोकलं तरी मी दचकत होतो. एकाने कानावर विडी खोचली होती, टोपीवाला, जिनात कामाला असावा. मी त्याला दोनदा सांगितलं. "नाई पेटवत ना बे, काय डोकं खाऊन राहिला," म्हणाला, आणि ती तशीच कानावर ठेवली. ती विडी मला अजून दिसते.

त्यात दुसरी पंचाईत. माझा जीव अमरावतीत अडकलेला, आणि बंडीवर सगळे अकोल्याचे. अकोल्यानं पहिला गोल केला तेव्हा सगळे नाचले, बंडी हलली, टेकू करकरला. मीही टाळ्या वाजवल्या, न वाजवून सांगतो कोणाला? हाफटाइमनंतर अमरावतीनं फेडला. मी ओठ चावून गप्प बसलो. तोंडात रक्ताची चव आली.

मग शेवटची पाचसात मिनिटं. अमरावतीचा उजव्या बाजूचा गडी, अनवाणी, घोट्याला चिंधी बांधलेली, चेंडू घेऊन सुटला. आमच्याच बाजूने. लोक उठून उभे राहिले. त्याच वेळी मला वास आला. वळलो तर टोपीवाल्याच्या बोटांत विडी, पेटलेली. केव्हा पेटवली देव जाणे. मी तोंड उघडलं. तेवढ्यात गड्यानं एकाला चकवलं, टोपीवाल्यानं घाबरून दोन्ही हात डोक्याला लावले, आणि विडी त्याच्या बोटांतून सुटली. ती खाली पडताना मी पाहिली. मागच्या बाजूला, आत्याच्या गुडघ्याजवळ कुठेतरी.

आणि मी मान मैदानाकडे वळवली.

हे मी बाबांनाही कधी सांगितलं नाही. एक क्षण, जास्त नाही. म्हटलं, गोल पाहतो आणि मग वाकतो. गोल झाला. मी ओरडलो का, आठवत नाही. वाकलो तेव्हा विडी दिसली नाही. बारा जणांच्या पायांनी कापूस तुडवला होता. मग शिट्टी वाजली, सगळे शिव्या देत धडाधड उतरले, टोपीवालाही गेला. राहिलो मी, आत्या आणि बैल.

मी उकरायला लागलो. कोपरापर्यंत हात घातला, मग खांद्यापर्यंत. कुठे ऊब लागते का पाहत होतो, आणि माझाच हात घामानं गरम, मला काही कळेना. नाक खुपसून वास घेतला. आत्या दोन्ही हात पदराखाली घेऊन बसून होती.

"काय शोधून राहिला?"

"काई नाई आत्या. बैलाचं घुंगरू पडलं."

"शोध मंग," ती म्हणाली.

मी पिशवीतलं दुसरं धोतर खाली अंथरलं आणि कापूस काढायला लागलो. दिवस कलला होता, थंडी पडत होती आणि माझ्या अंगातून धारा. अर्धी बंडी खाली आली. माझ्या डोळ्यांसमोर ती लोखंडी धाव, आणि आमच्या चुलीपुढे पाटावर बसून ताटाची वाट पाहणारी आत्या. ती एकदाही म्हणाली नाही की पुरे कर. सरकली तेवढी, इकडची तिकडे, म्हणजे मला तिच्या खालचाही कापूस काढता यावा.

शेवटी माझ्यानं राहवलं नाही. मी खाली बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. "आत्या, घुंगरू नाई. विडी पडली. मी पडतानी पाहिली, अन् मॅच पाहत राहिलो."

"मालूम हाय," आत्या म्हणाली.

तिनं उजवा हात पदरातून काढला. मूठ इतक्या वेळ आवळलेली, की ती एकेक बोट सोडवत होती. आत चुरडलेली विडी होती. तळव्याच्या मधोमध काळा डाग आणि भोवती पाणी धरलेला फोड. पडल्या पडल्या तिनं ती धरली होती आणि मुठीतच विझवली होती.

"मंग सांगितलं काहून नाई? मी केव्हाचा उकरून राहिलो."

"तू मान वयवली तवा मी तुह्याच तोंडाकडं पाहून राहिली होती," ती म्हणाली. "मले पाहाचं होतं, तुह्या तोंडून निघते का नाई."

मला वर पाहवेना. तिनं विडी फेकली, हाताची राख पदराच्या टोकाला पुसली, आणि डाव्या हातानं कापूस उचलून बंडीत टाकायला लागली. "भर आता. सकाळी काटा हाय." मी भरत होतो तर मध्येच तिनं विचारलं, "कोन जितलं?"

"अमरावती."

"बरं झालं," आत्या म्हणाली. "एवढं जळल्यावर कोनी तरी जिताले पायजे."

सकाळी ती काट्याजवळ उभी राहिली आणि मापात कोणी मारलं नाही. बाबांना तिनं हात चुलीवर भाजला म्हणून सांगितलं. वावर तिचंच राहिलं, चूलही, मरेपर्यंत. मी पुढे अमरावतीला, नागपूरला पुष्कळ मॅचेस पाहिल्या, आणि गर्दीत विडीचा वास आला की आधी खाली पाहायचो. त्यात किती गोल हुकले याची गणती नाही.

तिचा तो तळवा मात्र मधे कडक राहिला. भाकर थापताना हात नीट पसरायचा नाही, आणि तिची भाकर एका बाजूला जाड व्हायची. मी कधी तिच्याकडे जेवायला बसलो की ती जाड बाजू माझ्याकडे करून वाढायची, आणि मी ती आधी खायचो.