मांडवाआडचं हिरवं घर: माण ते मुळशी

"जेवायला यायचं म्हंजी यायचं!" घरमालक आबांनी दारात उभं राहून फर्मान काढलं, आणि माझा रविवारचा कपडे धुण्याचा बेत तिथल्या तिथे बारगळला. मी नागपूरची, हिंजवडीत नोकरी करते आणि माणला आबांच्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहते. आबांनी मुळशी धरणाच्या अलीकडे, त्यांच्या दुसऱ्या शेतात नवं घर बांधलंय. त्याचीच वास्तुशांत होती.

घराचा आराखडा त्यांच्या मुलीचा, मनीषाचा. ती नुकतीच आर्किटेक्ट झालीय आणि हे तिचं पहिलं घर. तेही साधंसुधं नाही, ग्रीन बिल्डिंग! घरात वीज-पाणी किती वाचतं, उजेड-वारा किती येतो, हे तपासून प्रमाणपत्र देतात, तसलं. तिथल्याच गावात राहणारे मनीषाचे धाकटे काका, नाना, शेजारीच घर बांधणार आहेत. त्यांनी तिला सरळ सांगून टाकलं होतं, "आदी त्यो कागद दाव, मग माझ्या घराचं बघू. न्हाईतर आपला ठेकेदार हायेच." पोरीची झोप उडाली होती बिचारीची.

जाणाऱ्यांसाठी सांगते. पुण्याकडून येत असाल तर चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट, पौड असा रस्ता. मी माणहून घोटवड्यामार्गे स्कूटीने गेले. रस्ता अधूनमधून खड्ड्यांतून जातो, कंबर सांभाळा! पेट्रोल पौडच्या आतच भरून घ्या. पौडला मिसळ खाल्ली, ऐंशी रुपयांत घाम फुटला. आम्हा नागपूरकरांना तिखटाची भीती घालू नये म्हणतात, पण मी दोनदा पाणी मागितलं. पुढे भातकापणी झालेली खाचरं, गार वारा, आणि एका वळणावर अचानक धरणाचं पाणी. स्कूटी थांबवून मी उगाचच मोठ्याने "वा!" म्हणाले.

पोचले, तर घर कुठे दिसेना! चारी बाजूंनी गुलाबी-पांढऱ्या कापडाचा मांडव, कनातींसकट. आत भर अकराला हॅलोजन लावलेले. आणि नेमक्या त्याच वेळी प्रमाणपत्रवाल्या परीक्षक बाई उजेड मोजायचं यंत्र घेऊन गाडीतून उतरल्या.

"आबा, आज बोलावलंत यांना?" मनीषा ओरडलीच.

"मग? दिस चांगला हाय म्हनून आजच बोलावलं," आबा खुशीत म्हणाले. "वास्तुशांत बी आन् तपासनी बी."

बाईंनी दिवे बंद करायला लावले. आत असा अंधार, की यंत्रावरचा आकडासुद्धा वाचता येईना. "असं नाही मोजता येणार," त्या म्हणाल्या. "आणि मला पुन्हा यायला दोन महिने तरी लागतील."

नाना मिशीत हसले. "लई शिकल्याली हाय आमची पोर. घरात दिवसा बत्ती लागतीया!"

मनीषाचा चेहरा उतरला. मला तर नानांचा असा राग आला! पण तिने ओढणी कमरेला खोचली. "आबा, मांडव काढा."

"खुळी का काय! पंगत बसायचीय. मान्सं उनात बसवू?"

"घरात बसवा की. घर कशाला बांधलंय मग?"

आबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. मग त्यांनी स्वतःच पहिली दोरी सोडली आणि हाक दिली, "धरा रं सगळे!" मग काय विचारता! पाहुणे, आचारी, मी, सगळे कापडं ओढायला. पूजा उरकून बसलेल्या गुरुजींनीही सोवळं सावरत एक गाठ सोडली.

उत्तरेच्या मोठ्या खिडक्यांतून उजेड आत आला. ऊन नाही, नुसता शांत, भरपूर उजेड. बाई खोल्याखोल्यांतून यंत्र धरून फिरल्या. "निकाल समिती देईल," एवढंच म्हणाल्या आणि आमच्याबरोबर पंगतीला बसल्या. लापशी, वांग्याची भाजी, वरण-भात. पन्नासेक माणसं आत जेवली, पण पंखा लावा असं कुणी म्हटलं नाही. नानांची बायको, काकू, जेवण झाल्यावरही खिडकीखालून उठेचनात.

संध्याकाळी माणला परतले. माझ्या खोलीला एकच खिडकी, तीही शेजारच्या भिंतीला टेकलेली. हे लिहितेय तेसुद्धा भर दुपारी ट्यूब लावून. आजवर कधी खटकलं नव्हतं, आता रोज खटकतं. सहलीने हे एक नवीनच दुखणं दिलंय!

प्रमाणपत्राचा अजून पत्ता नाही. पण काल मनीषा जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत वर आली. नानांनी तिला विचारलं होतं, "माझ्या घराचा पाया कवा खनायचा?"

"मी म्हटलं, काका, कागद तर येऊ दे," ती सांगत होती. "तर म्हणाले, कागद येईल तवा येईल. तुझी काकू भाजी निवडायला रोज तुमच्याच घरात जाऊन बसतीया, तिला माघारी तर आनाय पायजे!"