कान्झोकाकांची हाक

लिफ्टमधली नोटीस वाचली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. 'आतषबाजीच्या संध्याकाळी गच्चीवर काही रहिवासी मोठ्याने ओरडतात. कृपया इतरांचा विचार करावा, कृपया शांतता राखावी, कृपया सहकार्य करावे.' खाली नाव नाही. आमच्याकडे भांडणंसुद्धा निनावी होतात.

काही रहिवासी म्हणजे कोण? एकटे कान्झोकाका, वय त्र्याऐंशी. ही अकरा मजली इमारत उभी आहे तिथे त्यांचं तातामी चटया शिवायचं दुकान होतं, शेजारी आमचं तोफूचं. चाळीसेक वर्षं टोकियोच्या सुमिदा नदीवर दारूकाम उडालं की काकांनी हाक घातली, "तामाऽऽया!" जुन्या काळच्या एका दारूकामवाल्याचं ते नाव, आता शाबासकी म्हणून घ्यायचं. पूर्वी काकांच्या मागोमाग अख्खी गल्ली ओरडायची. आता लोक फोन वर धरून मुकाट बघतात. काकू गेल्यापासून काका कुणाशी धड बोलत नाहीत. वर्षातल्या त्या एका संध्याकाळी काय तो त्यांचा आवाज ऐकू येतो. तोही ह्यांना खुपला.

"नवव्या मजल्यावरचे ते नवे भाडेकरू असणार," मी काकांना म्हणाले. "जाऊन चांगली खरडपट्टी काढते."

"बस खाली, तोमी. तीन वेळा 'कृपया' लिहिलंय. असं माझाच पोरगा लिहितो."

मित्सुरू. बापाच्या खांद्यावर बसून हाक घालायला शिकलेला. इमारतीच्या कमिटीत गेला आणि त्याला बापाची लाज वाटायला लागली. मी त्याला जिन्यात गाठलं, तर म्हणतो, "लोक हसतात हो, तोमिएताई. मला ऐकवत नाही."

"मग लोकांना सांग की. बापाला काय सांगतोस?"

शनिवारी गच्चीवर काका कठडा धरून उभे होते, तोंड मिटलेलं. पहिलं मोठं सोनेरी फूल फुटलं. कुणी हूं की चूं केलं नाही. मित्सुरू हळूच म्हणाला, "बरं झालं, बाबा."

मला राहवलं नाही. मी ओरडले. आवाज चिरकला, दोन-चार डोकी वळली.

"उशीर केलास," काका पुटपुटले. "फूल विझायला लागायच्या आत हाक पोचली पाहिजे."

पुढचा गोळा वर चढला. काकांनी माझ्या कोपराला बोट टेकवलं आणि नेमक्या क्षणी दाबलं. मी ओरडले. पुन्हा दाबलं, पुन्हा ओरडले. स्वतः त्यांनी शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही. पोराचा शब्द राखला.

मित्सुरू लालबुंद होऊन माझ्यासमोर आला. मी म्हणाले, "उद्या नवी नोटीस लाव. आणि या वेळी माझं नाव घालून लाव."