छत्रीची डावी बाजू

माझी प्रेमकथा पुण्याच्या संपादकबाईंनी परत पाठवली. ‘हे दोघं बोलतात फार, पण एकमेकांच्या सवयीचे वाटत नाहीत,’ एवढाच शेरा. मी चिडलो होतो.

त्याच सुमारास डमडमला मेट्रोच्या वाटेवर मला रोज एक वयस्क गृहस्थ दिसायचे. एकटेच असत. उन्हासाठी छत्री धरलेली, पण ती कायम डावीकडे कललेली. सावली सगळी शेजारच्या रिकाम्या जागेवर पडायची आणि यांचा उजवा खांदा उन्हात. प्रत्येक शर्टाचा तोच खांदा विटलेला होता. वाटेत खड्डा आला की ते तो ओलांडायचे, मागे वळून क्षणभर थांबायचे आणि मगच पुढे निघायचे. बाईंना हवी होती ती सवय हीच, असं वाटून मी रोज निरखून बघायला लागलो.

एका सकाळी स्टेशनच्या जिन्यापाशी ते माझ्यासमोर थांबले. हलक्या आवाजात हिंदीत म्हणाले, “साहेब, तुम्ही रोज तिच्याकडे टक लावून बघता. तिला अवघडल्यासारखं होतं.”

मी ओशाळलो. मान खाली घालून पुटपुटलो, “चुकलं, वहिनी.”

जिना निम्मा चढल्यावर माझ्या लक्षात आलं, मी माफी कोणाची मागितली होती.